रविवारची भटकंती ही चैन नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या पालकसभांत आणि कचेरीतल्या दुपारच्या गप्पांत अलीकडे एक सूर वारंवार कानी पडतो. रविवार हा आठवडाभर मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याचा, जादा शिकवणीचा आणि सराव चाचण्यांचा दिवस आहे. मुलांना घेऊन डोंगर चढणे, किनाऱ्यावर चालणे किंवा कापणी झालेल्या शेतात क्रिकेट खेळणे ही ज्यांना परवडते त्यांनी करावयाची चैन आहे, असा तो सूर असतो. त्यातच २०२५ पासून आपल्या गोवा राज्यात सहावी ते दहावीचे आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच भरू लागले, त्यामुळे काजू-आंब्यांच्या हंगामातले मोकळे दिवसही मुलांच्या वाट्याला पूर्वीइतके येत नाहीत. आता उरलेला रविवारही वह्यांच्या स्वाधीन करायचा काय, हा प्रश्न आपल्या वाचकांपुढे मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे असे की, रविवारी उघड्यावर केलेल्या खेळांतून आणि श्रमांतून रोजच्या जगण्याला लागणाऱ्या काही गोष्टी जशा अंगवळणी पडतात, तशा त्या वर्गात, घरात वा कार्यालयात पडत नाहीत. कारण बाहेर आपल्या निर्णयाचा परिणाम त्याच दिवशी, त्याच ठिकाणी समोर येतो आणि तो दाखवून द्यायला कोणा रागावणाऱ्या माणसाची गरज लागत नाही.

आरोग्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांमध्ये गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. देशाचे प्रमाण त्या वेळी ११.४ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करण्यास सांगते. तो रोज थोडा थोडा करणे उत्तमच. पण ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून केलेला जो अभ्यास २०२३ मध्येच प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या बाबतीत जवळपास तेवढाच लाभ झाल्याचे दिसले. सोमवार ते शुक्रवार पणजीला जाऊन-येऊन थकणाऱ्या फोंडा, डिचोली वा मडगावच्या नोकरदाराने एवढे ध्यानात ठेवले तरी रविवारी सकाळी अडीच-तीन तास चालण्याला तो चैन म्हणणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी आपल्याकडे सर्वांत हाताशी असलेले ठिकाण म्हणजे समुद्रकिनारा. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू लाभते, पाय रुतत नाहीत, आणि माजोर्ड्याहून मोबोरच्या टोकापर्यंत सासष्टी तालुक्याची वाळू सलग तुडवत जाता येते. भरतीला तीच पट्टी अरुंद होते, चालणाऱ्याला वरच्या भुसभुशीत वाळूत सरकावे लागते आणि तेवढ्याच अंतराला कितीतरी अधिक दम लागतो. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे भूगोलाच्या पुस्तकात असते आणि मुले ते परीक्षेत बिनचूक लिहितातही. परंतु ५० मिनिटांना सातने गुणले की पावणेसहा तासांहून थोडे अधिक होतात, आणि ओहोटीपासून भरतीपर्यंतचे अंतर साधारण सहा तासांचे असते. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी सात वाजता ओहोटी पुरी झाली असेल, तर या रविवारी सातच्या सुमारास भरती जवळजवळ पुरी झालेली असणार, आणि मूळची वेळ पुन्हा साधारण दोन आठवड्यांनी यायची. हा हिशेब पुस्तकात कोणी मांडून दाखवत नाही. गेल्या रविवारी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला व्हाळ या रविवारी त्याच वेळी मांड्यांपर्यंत चढलेला दिसला, की सातवीतले मूलसुद्धा वाळूवर बसून बोटांवर तो स्वतः करते, आणि पुढच्या खेपेला "कुठे जायचे" याच्या आधी "किती वाजता" असे विचारते.

मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही की, आपल्या मर्जीबाहेरच्या वेळापत्रकाशी आपला बेत जुळवून घेण्याची सवय इथे विनातक्रार लागते. एरवी नऊ म्हणजे साडेनऊ असे समजून चालणारी आमची मंडळी, आणि यात मी गोव्यातल्या बहुसंख्य लग्नघरांचाही समावेश करतो, भरतीच्या बाबतीत कमालीची वक्तशीर होतात. रस्त्यातल्या वाहतुकीला, बँकेच्या संगणकाला किंवा डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या रांगेला नावे ठेवून थोडा तरी दिलासा मिळतो. समुद्राला नावे ठेवून काहीच मिळत नाही. त्यामुळे माणूस चरफडण्याचा टप्पा वगळून थेट पर्यायाकडे वळतो: आज वाळूवर चालता येत नाही तर किनाऱ्यामागच्या गावातल्या वाटेने चालू. हा वळण्याचा वेग सोमवारी कचेरीतही उपयोगी पडतो.

समुद्रात उतरण्याच्या बाबतीतही तसेच आहे. आपल्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या भागात पोहावे आणि लाल बावटा असेल तेथे पाण्यात उतरू नये, असा साधा नियम आहे. परतीच्या पाण्याच्या जोरदार ओढीत सापडलेला पोहणारा घाबरून सरळ वाळूच्या दिशेने हात मारत राहतो आणि थकतो. जीवरक्षक सांगतात की त्या वेळी किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे, कारण ही ओढ रुंदीला मर्यादित असते आणि तिच्या बाहेर पडल्यावर लाटाच माणसाला काठाकडे आणतात. मुलांना हे घरात बसून सांगितले तर ती मान डोलावतात. वाळूवर उभे राहून, फेसाळ लाटांच्या मध्ये दिसणारा तो शांत, गढूळ पट्टा बोटाने दाखवला तर ती गप्प होऊन पाहतात. शांत दिसते तेथेच ओढ असते, हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते.

डोंगराकडे वळतो. केपे तालुक्यातला पारोड्याचा चंद्रनाथ सुमारे साडेतीनशे मीटर उंच, माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देवस्थान, पायथ्याशी दूरवर पसरलेली सासष्टीची सखल शेती. सह्याद्रीतल्या कड्यांच्या मानाने ही चढण किरकोळ. पण वेगवेगळ्या वयाची माणसे एकत्र चढली की तिथे एक गोष्ट हटकून घडते. पुढचे जोमाने चढतात, वळणावर सावलीत बसून मागच्यांची वाट पाहतात, आणि सर्वांत मागचा धापा टाकत पोचला रे पोचला की "चला, आता निघू या" म्हणून उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना ती भरपूर मिळते आणि ज्याला ती हवी असते त्याला पाण्याचा घोट घेण्याइतकीही मिळत नाही. पुढच्या वळणावर तो आणखी मागे पडतो, पुढच्यांना त्याचा आणखी कंटाळा येतो, आणि अखेर तो "तुम्ही जा, मी इथेच बसतो" असे म्हणतो. त्यात त्याच्या पायांचा दोष थोडा आणि चालण्याच्या रचनेचा अधिक असतो.

यावरचा उपाय डोंगरात हिंडणाऱ्या जुन्या मंडळींना चांगला ठाऊक आहे: सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवायचे, खात्रीच्या माणसाला सर्वांत मागे ठेवायचे, आणि मधल्यांनी पुढच्याला ओलांडायचे नाही. पहिल्या पावणेतासात तरुणांना हा जाच वाटतो. पण सगळा घोळका एका लयीत चालू लागला की वारंवार थांबावे लागत नाही, आणि पुष्कळदा एकूण वेळही आधीपेक्षा कमी लागतो. मी हिशेबाच्या कामातला माणूस आहे. एखाद्या कार्यालयात नवी संगणकप्रणाली येते तेव्हा नेमके उलटे होताना मी पाहिले आहे. चपळ लोक आठवड्यात ती शिकून पुढे जातात, निवृत्तीला आलेला कारकून पहिल्या पडद्यावरच अडलेला असतो, त्याला मदत करणे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते, आणि वर्षअखेरीस सर्वांचा ताळेबंद त्याच्या एका धारिकेसाठी खोळंबतो. घरातही आजोबांचा दूरध्वनी, धाकट्याचे पाढे आणि स्वयंपाकघरात नव्याने पाऊल टाकलेली सून यांच्या बाबतीत पुढच्यांची वागणूक बहुधा त्या वळणावरच्या लोकांसारखीच असते. ज्या मुलाने एकदा तरी सर्वांत मागचा होऊन चढण चढली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

उतरणीविषयीही एक-दोन वाक्ये लिहितो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होते. चढताना दम लागतो म्हणून आपण सर्व तयारी चढणीची करतो. प्रत्यक्षात उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती मुख्यतः या उतरणीची असते. शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय घसरतो तोही बहुधा उतरतानाच, कारण माथा गाठल्यावर मन सैल झालेले असते आणि लक्ष पायथ्याच्या भाजीपावावर गेलेले असते. म्हणून जाणकार माणूस माथ्यावर पोचल्यावरही काही दम शिल्लक राखतो. मुलीचे लग्न, घराचे बांधकाम, गावची जत्रा अशी मोठी कामे पार पडल्यानंतरच्या आठवड्यात आपल्याकडे जी भांडणे आणि आजारपणे निघतात, ती पाहिली की हा राखीव दम फक्त डोंगरापुरता लागतो असे वाटत नाही.

परत फिरण्याचा निर्णय हा मात्र सगळ्यात अवघड. डोंगरात साधा दंडक असा की, जवळचे निम्मे पाणी संपले किंवा ठरवलेली वेळ झाली की माथा कितीही जवळ दिसत असला तरी मागे वळायचे. सत्तरी तालुक्यातल्या रानांच्या बाबतीत तर कधीकधी निघण्याआधीच बेत मोडावा लागतो. २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात गोचिडींमधून पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली, तेव्हापासून कोरड्या महिन्यांत त्या भागात जाणारे लोक पूर्ण बाह्यांचे कपडे घालतात, गोचिडी अंगाला चिकटू नयेत म्हणून आरोग्य खात्याने सांगितलेले तेल लावतात आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करतात. एखाद्या रानात माकड मरून पडल्याचे गावकऱ्यांनी सांगितले, तर तिकडे फिरकायचेच नाही. डबे बांधलेले असतात, गाडीत पेट्रोल भरलेले असते, मुले पहाटेपासून बूट घालून बसलेली असतात. आणि तरीही वडीलधाऱ्या माणसाने शांतपणे "आज नाही" असे म्हणायचे असते. खर्च झाला म्हणून पुढे जात राहणे हा व्यवहारातला फार महाग हट्ट आहे. बुडीत जाणाऱ्या धंद्यात पुन्हा पुन्हा पैसे ओतणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांना लहानपणी अर्ध्या वाटेवरून, कोणी टिंगल न करता, परत आणणारे कोणी भेटले नसावे असे मला पुष्कळदा वाटते.

हे सगळे वाचून रविवार म्हणजे पुन्हा एक शिस्तीचा वर्गच झाला असे कोणाला वाटू नये, म्हणून खेळाविषयी लिहितो. सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी झाली आणि वायंगण, म्हणजे हिवाळी भात, लावले जात नसेल, तर गावोगावची शेते कार्तिकापासून मुलांची होतात. सासष्टी-तिसवाडीकडे फुटबॉल, फोंडा-डिचोलीकडे बहुधा टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट. पंच नसतो, आखलेली सीमारेषा नसते, आणि एक बॅट दहा जणांत असते. तेव्हा नियम जागच्या जागी करावे लागतात: चेंडू कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) गेला तर मारणारा बाद, कारण कुळागराचा मालक ओरडतो, बांधाला लागून उडाला तर दोन धावा, ज्याची बॅट त्याला पहिली खेळी, पण बाद झाल्यावर बॅट घेऊन घरी जायचे नाही. वाड्यावरचा सर्वांत बारका पोर कच्चा लिंबू म्हणून घेतला जातो. तो बाद होत नाही, त्याच्या धावा धरल्या जात नाहीत, पण क्षेत्ररक्षणात तो मनापासून धावतो आणि एक-दोन वर्षांत कोणी जाहीर न करताच तो पुरता खेळाडू होतो.

या मैदानावरचे वाद ऐकण्यासारखे असतात. बाद की नाबाद यावर पाच मिनिटे आरडाओरडा होतो आणि मग कोणीतरी "हा चेंडू धरू नका, परत टाक" असा तोडगा काढतो. कारण अंधार पडायच्या आत खेळ व्हायला हवा हे दोन्ही बाजूंना कळते. न्याय पुरता झाला नाही तरी चालेल, खेळ मोडता कामा नये, ही जाण मला फार मोठी वाटते. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तिचे मोल अधिक कळेल. प्रशिक्षक, गणवेश आणि फी असलेल्या शिबिरांना माझा विरोध नाही. तिथे तंत्र चांगले शिकवतात. पण तिथे नियम वरून आलेले असतात आणि वाद सोडवायला मोठे माणूस हजर असते, म्हणून ही विशिष्ट गोष्ट तिथे शिकायला मिळत नाही, एवढेच नमूद करतो.

ज्यांना चढण किंवा धावणे झेपत नाही त्यांच्यासाठी मांडवी नदीतले दिवाडी बेट आहे. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे जावे; पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. सायकल असेल तर ती बरोबर न्यावी, नसेल तर खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून रमतगमत चालावे. नदीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधलेला हा मातीचा बांध, आणि त्यातली मानशीची लाकडी दारे, जी भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडण्यासाठी आपोआप उघडतात, ही आपल्या पूर्वजांची करामत मुलांना दाखवण्याजोगी आहे. खेकड्याने पाडलेले एक बीळ वेळीच बुजवले नाही तर ते रुंदावत जाऊन बांध फुटतो आणि खारे पाणी साऱ्यांच्या शेतात पसरते. ज्याच्या शेताला लागून ते बीळ होते, फक्त त्याच्याच नव्हे. बांधावर उभे राहून हे पाहताना नागरिकशास्त्राचा एक धडा तरी वाचल्याइतका लाभ होतो असे माझे मत आहे.

मात्र इथे पालकांना, आणि अर्थात स्वतःलाही, एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रत्येक वळणावर "बघ, यातून काय शिकलास?" असे विचारू नये आणि सोमवारी त्यावर निबंध लिहून घेऊ नये. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मंदिरासमोर चिखलकाला होतो. देवळात अहोरात्र भजन झालेले असते, अंगाला तेल चोपडून लहानथोर पुरुष पावसात मैदानात उतरतात, चिखलात लोळतात, एकमेकांना ओढतात, तऱ्हेतऱ्हेचे जुने खेळ खेळतात आणि कोणी जिंकले की हरले याची नोंद कोणी ठेवत नाही. तो दिवस रविवारीच येतो असे नाही, पण मौज कशी असावी याचा नमुना म्हणून मी तो सांगतो. त्या चिखलात बँकेचा अधिकारी आणि नारळ काढणारा पाडेली ओळखू येत नाहीत. हे कोणी भाषणात सांगितले असते तर टाळ्या पडल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरले असते.

याउलट अलीकडे रविवारच्या व्यायामालाही कामाचे रूप येऊ लागले आहे. मिरामारला २०१९ पासून होणारी अर्ध-आयर्नमॅन स्पर्धा, जिच्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे ओळीने करावे लागते, ती पाहून अनेक गोमंतकीय तरुण नियमाने सरावाला लागले, हे कौतुकास्पद आहे. पण मनगटावरच्या घड्याळात पावले पुरी झाली नाहीत म्हणून रात्री दिवाणखान्यात येरझारा घालणारी, किंवा डोंगरमाथ्यावर पोचताच आपला वेग इतरांना कळवण्यासाठी मान खाली घालून बसणारी माणसे पाहिली, की शनिवारपर्यंतची कचेरी रविवारी केवळ कपडे बदलून आली आहे असे वाटते. मोजावे, पण सगळेच मोजू नये.

आक्षेपांचाही विचार करायला हवा. पहिला आक्षेप धोक्याचा, आणि तो खरा आहे. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती, आणि तेव्हा पुष्कळांनी तिच्याविरुद्ध नाराजी दाखवली. माझे मत असे की मुसळधार पावसात व्हाळाला अचानक लोंढा येतो तेव्हा बंदी योग्यच असते, आणि बाटल्या घेऊन, कर्कश गाणी लावून धबधब्यावर जाणाऱ्या टोळक्यांमुळे ती कडक करावी लागते याची जबाबदारी आपणच घ्यायला हवी. पण ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी ओसरल्यावर, ठरावीक वाटेने, स्थानिक वाटाड्यासह जाण्याची सोय कायम ठेवली पाहिजे. तसे केले तर त्या गावातल्या तरुणांनाही चार पैसे मिळतात.

दुसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी लिहितो. कुटुंबाच्या रविवारच्या सहलीसाठी घरातली बाई शनिवारी रात्री भाज्या चिरून ठेवते, पहाटे उठून डबे करते, परतल्यावर ओले, चिखलाचे कपडे धुते, आणि तरीही दुपारी ताटात हुमण असावे अशी अपेक्षा असते. असा रविवार तिच्यासाठी सोमवारपेक्षा जड होतो. यावर उपाय अवघड नाही. डबे न करता गावातल्या चहाच्या दुकानात पातळ भाजी, पाव आणि मिरची खावी, आपापला गाळ आपण धुवावा, आणि दुपारी पेज-लोणच्यावर भागवावे. ज्या घरात एवढी वाटणी होत नाही, तिथे मुले डोंगरावरून नक्की काय शिकून आली हा प्रश्नच आहे. शेतातल्या खेळात मुली अजून फारशा दिसत नाहीत, हेही याच संदर्भात सांगायला हवे. बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की त्यांना बांधावर बसून पाहायला लावले जाते, आणि याची खंत वाटणारे पालकही "लोक काय म्हणतील" यापाशी थांबतात.

तिसरी अडचण जागेची आहे. गावातून देवळाकडे, झरीकडे किंवा सड्यावर जाणाऱ्या कितीतरी जुन्या पायवाटा गेल्या काही वर्षांत नव्या भूखंडांच्या कुंपणांत आणि फाटकांत गडप झाल्या. सड्यावर पावसाळ्यात फुलणारी रानफुले पाहायला आता वाहनाने वळसा घालून जावे लागते. आपल्या ग्रामसभा बहुधा रविवारीच भरतात. तेव्हा ज्या रविवारी चालायला वाट उरली नाही अशी तक्रार आपण करतो, त्यापैकी एखाद्या रविवारी ग्रामसभेला जाऊन त्या वाटांची नोंद करून घेण्याचा ठराव मांडणे हेही भटकंतीचेच काम समजावे. शाळांच्या व्यवस्थापनांनीही जादा वर्ग घ्यायचे तर ते शनिवारी दुपारपर्यंत संपवावेत, आणि खासगी शिकवण्या चालवणाऱ्यांनी रविवारची सकाळ मोकळी ठेवावी, अशी विनंती या पत्राद्वारे करतो.

शेवटी एक सूचना आपल्यासाठी. आपल्या दैनिकात राशिभविष्य आणि चित्रपटांच्या वेळा नेमाने छापल्या जातात. त्यांच्या शेजारी शनिवारच्या अंकात एक लहान चौकट देता येईल: रविवारच्या भरती-ओहोटीच्या आणि सूर्योदयाच्या वेळा, हवामान खात्याचा पावसाचा इशारा, कोणत्या किनाऱ्यांवर पोहण्यास मनाई आहे, वन खात्याने कोणते धबधबे व वाटा बंद ठेवल्या आहेत, आणि कोरड्या महिन्यांत माकडतापासंबंधी आरोग्य खात्याची सूचना. ही सर्व माहिती सरकारी खात्यांकडे असते. फक्त ती एका ठिकाणी नसल्याने सामान्य माणसाला मिळत नाही. तिसवाडी, बार्देश, सासष्टी असे तालुकावार छापल्यास अधिक बरे. ही चौकट आपण पुढच्या महिन्यापासून सुरू करू शकलात, तर ती कापून घरच्या दिनदर्शिकेवर चिकटवणाऱ्यांत आमच्या वाड्यावरची चार-सहा घरे तरी नक्की असतील.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
फोंडा, गोवा